एकच कुकी पुसली: मावशीच्या फोनवर अडकलेल्या लॉगिनचं प्रकरण

मावशीचा फोन रात्री साडेनऊला आला. "अरे, हे 'सेव्ह्ड पासवर्ड्स'पण पुसायचं का? त्यावरही टिक कर असं सांगितलंय मला."

तिच्या पुतण्याने तिला ब्राउझरमधला सगळा डेटा एकदा साफ करायला सांगितलं होतं. तिने यादी उघडली, वरून एकेक टिक करत खाली आली आणि 'पासवर्ड' या शब्दाशी तिचं बोट थांबलं. ती तिथे थांबली म्हणून पुढचं नुकसान टळलं. नाहीतर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती, फक्त हळहळ उरली असती.

"आत्तापर्यंत काय काय पुसलंस?" मी विचारलं.

"काल ते चित्रं आणि फाइल्सवालं पुसलं. काही फरक पडला नाही. आज अजून काही नाही."

"मग आता बॅक दाब आणि त्या पानावरून बाहेर ये. काहीही पुसू नकोस."

झालं होतं ते असं. मावशी भाषेची निवृत्त शिक्षिका आहे. अनुवादाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी ती अर्ज भरत होती. अर्जात चार प्रश्न होते आणि प्रत्येकाला साधारण पाचशे शब्दांचं उत्तर लिहायचं होतं. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे तीन आठवडे रोज थोडं थोडं असं ती फोनवरच लिहीत होती. चार ओळी लिहायच्या, दोन खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. प्रत्येक वेळी खाली 'मसुदा जतन झाला' अशी हिरवी अक्षरं यायची आणि तिचा त्यावर पूर्ण विश्वास होता. मुदत संपायला पाच दिवस उरले होते. आणि गेले दोन दिवस लॉगिनच होत नव्हतं. नाव-पासवर्ड टाकून बटण दाबलं की वरची निळी रेघ थोडी सरकायची आणि मग पान चालत नसल्याचा संदेश यायचा: या साइटने तुम्हाला खूप वेळा इकडून तिकडे पाठवलं.

त्याच संदेशाखाली क्रोमची एक सूचना असते: कुकीज डिलीट करून पाहा. म्हणजे पुतण्याने स्वतःच्या मनाने काही सांगितलं नव्हतं, ब्राउझरही तेच म्हणत होता. फक्त एका साइटच्या कुकीज पुसणं आणि अख्खा ब्राउझर धुऊन काढणं यातलं अंतर त्या एका ओळीत कुठेच दिसत नाही. ते अंतर किती मोठं असू शकतं, ते मावशीच्या फोनवर पुरतं कळलं.

कालची सफाई का लागू पडली नाही

मावशीने काल पुसलं ते 'चित्रं आणि फाइल्सवालं' म्हणजे कॅशे: साइटकडून आणलेल्या सामानाची फोनवर ठेवलेली प्रत. लोगो, फॉन्ट, पानाची मांडणी, बटणांमागचा कोड. पान दुसऱ्यांदा उघडलं की हे सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागत नाही. कोणती फाइल किती काळ ठेवायची ते साइटच सांगते. जी बदलणारच नाही तिला बहुधा 31536000 सेकंदांची, म्हणजे एका वर्षाची मुदत दिलेली असते. मुदत संपली तर ब्राउझर सर्व्हरला, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरला, विचारतो की माझ्याकडची प्रत अजून चालेल का, आणि काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 क्रमांकाचं छोटंसं उत्तर पाठवून मोकळा होतो. या सामानात वापरणाऱ्याच्या हातचं काही नसतं. पुसलं तर पहिल्यांदा पान सावकाश उघडतं, थोडा डेटा जास्त जातो, एवढंच.

म्हणून कॅशे पुसायला मी कुणालाही बिनधास्त सांगतो. पान वेडंवाकडं दिसतंय, जुनंच चित्र येतंय, साइट बदलल्यापासून बटण दाबूनही काही होत नाही, अशा तक्रारींवर तो खरा उपाय आहे. मावशीच्या तक्रारीतही तो अगदीच अस्थानी नव्हता. साइटने एखादा पत्ता कायमचा हलवला आहे असं सांगितलं, की ब्राउझर ती सूचनाही कॅशेत ठेवतो, आणि ती जुनी झाली तर माणूस गोल गोल फिरू शकतो. काल कॅशे पुसून झाली, तरी फेरा सुटला नाही, म्हणजे ती शक्यता आपोआप बाद झाली. पुतण्याच्या पहिल्या सल्ल्याचा मला एवढा उपयोग झाला.

आता उरल्या कुकीज. वेबचा मूळ व्यवहार विसराळू आहे. पान मागा, पान घ्या, संपलं; पुढचं पान मागायला तोच माणूस आलाय हे सर्व्हरला कळत नाही. यावर 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंटुली यांनी तोडगा काढला. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडे द्यायची आणि ब्राउझरने दर खेपेला ती परत दाखवायची. तीच कुकी. लॉगिन झाल्यावर फोनवर राहते ती हीच चिठ्ठी. ती दाखवली की दार उघडतं, पासवर्ड पुन्हा द्यावा लागत नाही.

फेरा कसा पडतो तेही यावरून कळेल. अर्जाचं पान चिठ्ठी बघतं, ती त्याला पटत नाही, ते लॉगिनच्या पानाकडे पाठवतं. लॉगिनचं पान म्हणतं, तू तर आत आलेलीच आहेस, आणि परत अर्जाकडे पाठवतं. क्रोम असं वीस वेळा इकडून तिकडे जातो आणि मग हात टेकतो. मावशीला ते सगळं त्या निळ्या रेघेच्या दोन सेकंदांत दिसत होतं.

फोनवरून तपासणी

पहिला घोळ अगदीच साधा निघाला. "परत एकदा उघडून बघ" म्हटल्यावर तिने चॅटमध्ये आलेली लिंक दाबली आणि म्हणाली, "आता तर मी कधी अकाउंटच काढलं नाही असं दाखवतंय." ती लिंक क्रोममध्ये उघडलीच नव्हती. चॅटच्या अ‍ॅपने स्वतःच्याच पोटात एक छोटी खिडकी उघडली होती. अशा खिडकीचं कुकीजचं डबकं वेगळं असू शकतं. क्रोममध्ये तुम्ही लॉगिन असलात तरी तिला त्याचा पत्ता नसतो. उलटही खरं आहे. क्रोम कितीही धुतला तरी त्या खिडकीतली अडचण जागेवरच राहते. 'सगळं क्लिअर केलं तरी तेच येतंय' म्हणणारी निम्मी माणसं मला अशा खिडकीत बसलेली सापडली आहेत. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: पान कुठे उघडलंय? कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'ब्राउझरमध्ये उघडा' असा पर्याय दिसला, तर तुम्ही अजून ब्राउझरबाहेरच आहात.

मग क्रोममध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडायला सांगितला. या टॅबला आधीची कुठलीच कुकी दिसत नाही. त्याच्यापुरता फोन कोरा. काहीही न पुसता, पुसल्यावर काय होईल हे पाहायची ही सोय आहे, आणि तिचा हा उपयोग फार थोड्यांना माहीत असतो याचं मला वाईट वाटतं. मावशीने नाव-पासवर्ड टाकला आणि एका झटक्यात आत गेली.

"झालं की रे!" तिचा आवाज एकदम हलका झाला.

म्हणजे पासवर्ड बरोबर, साइट चालू, नेट ठीक. बिघाड नेहमीच्या टॅबजवळच्या एखाद्या चिठ्ठीत. त्याच क्षणी मीसुद्धा म्हणणार होतो की मग पुसून टाक या साइटचा डेटा. पण तेवढ्यात ती म्हणाली, "अरे, पण माझी उत्तरं कुठेयत? चारही चौकोन रिकामे आहेत."

पुढे काही क्षण ती काहीच बोलली नाही.

त्या रिकाम्या चौकोनांनी एक मोठी गोष्ट सांगितली. मसुदा साइटच्या सर्व्हरवर गेलेलाच नव्हता. गेला असता तर कुठूनही लॉगिन केलं तरी दिसला असता. 'मसुदा जतन झाला' याचा अर्थ 'याच फोनवर, याच ब्राउझरमध्ये जतन झाला' असा होता. तीन आठवड्यांचं लिखाण क्रोमने त्या साइटसाठी राखून ठेवलेल्या कप्प्यात पडून होतं.

'आणि साइट डेटा' या शब्दांत काय दडलंय

मेनूत 'कुकीज आणि साइट डेटा' अशी एकच टिक असते. लोकांचं लक्ष कुकीज या शब्दावर असतं, खरी जोखीम दुसऱ्या शब्दात आहे. कुकी म्हणजे जेमतेम 4096 बाइटांची चिठ्ठी, तीत निबंध मावत नाही. मोठं काही ठेवायचं असेल तर साइट 'लोकल स्टोरेज' वापरते, ज्यात साधारण पाच एमबी मावतात, किंवा त्याहून मोठा 'इंडेक्स्ड डीबी'. अर्धवट अर्ज, ऑफलाइन वाचायला ठेवलेली पानं, साइटवर निवडलेली भाषा, खेळातली प्रगती, हे सगळं तिथे असतं. नेट नसतानाही चालणाऱ्या साइटी स्वतःच्या पानांची वेगळी प्रतही याच कप्प्यात ठेवतात. त्यामुळे कधीकधी कॅशेची टिक लावून पुसूनही साइट जुनीच दिसत राहते, कारण ती प्रत कॅशेत मोजली जात नाही, साइट डेटात मोजली जाते.

आणि फोनवर यातलं एकच काही निवडून काढता येत नाही. क्रोममध्ये एखाद्या साइटचा डेटा डिलीट केला, की कुकी आणि मसुदा दोन्ही बरोबरच जातात. बिघडलेली चिठ्ठी आणि मावशीचं लिखाण एकाच गाठोड्यात बांधलेलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका मित्राला मी फोनवरून अशीच 'सगळ्यावर टिक कर' म्हणून मोकळी सूचना दिली होती. त्याचं लिखाण असंच कप्प्यात होतं. ते परत आलं नाही. या कप्प्यांना रिसायकल बिन नसतो. तेव्हापासून पुसण्याआधी मी विचारतो: या साइटवर अर्धवट सोडलेलं काही आहे का, आणि दुसरीकडे कुठे असं लॉगिन आहे का, की जिथे पुन्हा शिरता येणार नाही?

मावशीला दुसरा प्रश्न विचारला, तर तिथेही खड्डा निघाला. तिचं एक जुनं ईमेल फक्त ब्राउझरमध्येच उघडलेलं होतं. त्याचा पासवर्ड तिला आठवत नव्हता; तो होता क्रोमच्या सेव्ह्ड पासवर्ड्समध्ये. आणि ओटीपी जायचा तो नंबर तिने कधीच बंद केलेला. इतके दिवस तिला ओटीपी विचारला गेला नव्हता, कारण 'हा ओळखीचा फोन आहे' असं सांगणारी एक कुकी तिथे होती. कुकीज पुसल्या असत्या तर ईमेलने ओटीपी मागितला असता आणि तो बंद नंबरवर गेला असता. वर ती शेवटची टिक लावली असती तर पासवर्डही गेला असता. क्रोममध्ये अकाउंट जोडून सिंक चालू असेल तर पुसलेले पासवर्ड त्याच अकाउंटवरच्या बाकीच्या उपकरणांवरूनही जातात, त्यामुळे टॅब्लेटमध्ये सापडतील ही आशाही नको. अभ्यासक्रमाचा सगळा पत्रव्यवहार त्याच ईमेलवर येत होता.

"आजची रात्र काहीही करू नकोस," मी म्हणालो. "क्रोम अनइन्स्टॉल करू नकोस, फोनमधली क्लीनरची अ‍ॅप चालवू नकोस. उद्या लॅपटॉप घेऊन येतो." अ‍ॅपच्या माहितीत स्टोरेजखाली दोन बटणं असतात, 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा', हेही सांगून ठेवलं. पहिलं निरुपद्रवी आहे. दुसरं दाबलं की ब्राउझर नवाकोरा होतो: टॅब, लॉगिन, मसुदे, सिंक नसलेले बुकमार्क, सगळं साफ.

दुसऱ्या दिवशी

अँड्रॉइडवरचा क्रोम केबलने लॅपटॉपच्या क्रोमला जोडून आतून पाहता येतो. त्यासाठी फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खालच्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, आणि तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचं. फोन परवानगी विचारतो, ती द्यायची. मग लॅपटॉपवर क्रोमच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये 'क्रोम', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'इन्स्पेक्ट' असं टाइप केलं, की फोनवर उघडे असलेले टॅब यादीत दिसतात.

एक अडचण होती. लॉगिनचं पान फेऱ्यात अडकून त्रुटीचा संदेश दाखवतं, आणि त्या संदेशाच्या पानावरून साइटचा कप्पा उघडता येत नाही. त्याच साइटचं, त्याच पत्त्यावरचं, लॉगिनशिवाय उघडणारं एखादं पान हवं होतं. 'मदत' नावाचं पान सापडलं. ते मावशीच्या फोनवर उघडलं, लॅपटॉपवर 'इन्स्पेक्ट' दाबलं, 'अ‍ॅप्लिकेशन' टॅबमध्ये गेलो, तिथे डावीकडे लोकल स्टोरेज.

सात-आठ ओळी होत्या. एकीच्या नावात 'ड्राफ्ट' हा शब्द होता. तिच्यावर क्लिक केलं आणि खालच्या भागात मावशीची वाक्यं उघडली. कंस, अवतरणचिन्हं, आणि जिथे जिथे तिने नवा परिच्छेद केला होता तिथे एक उलटी तिरकी रेघ आणि एन हे अक्षर. पण त्यांच्या मधून मराठी अगदी स्वच्छ दिसत होतं. मावशी चष्मा लावून पुढे वाकली, पहिली ओळ ओठातल्या ओठात वाचली आणि म्हणाली, "हो. हेच." मी तो सगळा मजकूर उचलून लॅपटॉपवर एका फाइलमध्ये ठेवला, तोच तिच्या दुसऱ्या ईमेलवर पाठवला, आणि तो तिच्या फोनवर उघडतोय हे पाहिल्यावरच पुढे गेलो.

मग कुकीज. त्या तक्त्यात प्रत्येक कुकीचं नाव, किंमत (म्हणजे आत लिहिलेला मजकूर), डोमेन (ती कोणत्या पत्त्यासाठी आहे), पाथ (त्या पत्त्यातल्या कोणत्या भागासाठी) आणि मुदत असे रकाने असतात. एकाच नावाच्या दोन ओळी होत्या. नाव अगदी तेच, किंमत वेगळी. एकीच्या डोमेनच्या रकान्यात साइटचा पूर्ण पत्ता होता. दुसरीच्या रकान्यात सुरुवातीला टिंब आणि पुढे मुख्य पत्ता, म्हणजे ती मुख्य साइट आणि तिच्या सगळ्या उपशाखांना लागू होणारी. मावशीला विचारलं तेव्हा कळलं की काही आठवड्यांपूर्वी 'आमची साइट नव्या रूपात' असं मेल आलं होतं. जुन्या रूपाने एक चिठ्ठी ठेवली होती, नव्याने दुसरी ठेवली, जुनी कुणी काढलीच नाही.

अशा वेळी ब्राउझर दोन्ही पाठवतो. कुकीजचे नियम 2011 च्या आरएफसी 6265 या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेले आहेत, आणि त्यानुसार दोघींचा पाथ सारख्याच लांबीचा असेल तर आधी तयार झालेली आधी जाते. सर्व्हरने मात्र या क्रमावर विसंबू नये असंही तिथे म्हटलंय. पण एकाच नावाच्या दोन आल्या की पुष्कळ सर्व्हर पहिली उचलतात आणि दुसरी पाहतच नाहीत. इथे अर्जाचं पान जुनी चिठ्ठी वाचत असणार आणि लॉगिनचं पान नवी. दोघांचा एकमेकांवर विश्वास बसत नव्हता.

मुदतीचा रकाना पाहिला. जुन्या कुकीला अजून कित्येक महिने होते. क्रोम 2022 पासून कुठल्याही कुकीला जास्तीत जास्त 400 दिवसांची मुदत देतो, पण तेवढी वाट पाहणं परवडणारं नव्हतं. आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. 'कुकीज' निवडून वरची कालमर्यादा 'लास्ट अवर' ठेवली असती, तर ही कुकी गेलीच नसती, कारण ती खूप आधी तयार झालेली होती. तासाभरात तयार झालेल्या चिठ्ठ्या गेल्या असत्या, फेरा तसाच राहिला असता, आणि 'कुकीज पुसल्या तरी होत नाही' असा निष्कर्ष निघाला असता.

जुनी, टिंबाने सुरू होणारी ओळ निवडली आणि डिलीट दाबलं. एक ओळ गेली, बाकी सगळं जागच्या जागी.

"आता तू लॉगिन कर."

तिने फोनवर बटण दाबलं. निळी रेघ सरकली, पान उघडलं, चारही चौकोन भरलेले होते. तिने लगेच तिसऱ्या उत्तरातला एक शब्द बदलला.

त्यानंतरची कामं पटकन झाली. जुन्या ईमेलमध्ये ती अजून लॉगिन होतीच. सेटिंग्जमध्ये शिरताना पासवर्ड विचारला, तो सेव्ह्ड पासवर्ड्समधून बोटाचा ठसा देऊन पाहिला, चालू नंबर नोंदवला आणि पासवर्ड तिच्या वहीत लिहिला. यूएसबी डीबगिंग बंद केलं. ते चालू ठेवून फोन कुणाच्या हाती देणं बरं नाही. अर्ज तिने दोन दिवसांनी, सगळं पुन्हा वाचून पाठवला. पोच आल्यावर आम्ही त्या साइटचा उरलेला डेटाही काढून टाकला, आणि तेव्हा मात्र तो फोनवरूनच काढला.

लॅपटॉप जवळ नसेल तर

बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. साइटवर अर्धवट लिखाण नसेल आणि पासवर्ड माहीत असेल, तर त्या एका साइटचा डेटा काढणं हा सुरक्षित आणि पुरेसा उपाय आहे. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये सेटिंग्जमधून साइट सेटिंग्ज, तिथून ऑल साइट्स, मग साइटचं नाव शोधायचं आणि तिचाच डेटा डिलीट करायचा. लोकेशन, कॅमेरा यांच्या दिलेल्या परवानग्याही त्याबरोबर परत जाऊ शकतात, त्या साइट पुन्हा विचारेल. पान उघडं असेल तर पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबूनही त्या साइटच्या कुकीजपर्यंत पोचता येतं.

आयफोनवर सफारीची सेटिंग्ज फोनच्या सेटिंग्जमध्ये असतात. नव्या आयओएसवर आधी 'अ‍ॅप्स'मध्ये शिरावं लागतं. तिथे 'क्लिअर हिस्टरी अँड वेबसाइट डेटा' हे मोठं निळं बटण चटकन दिसतं, आणि लोक तेच दाबतात. हवं असतं ते आणखी खाली: अ‍ॅडव्हान्स्ड, मग वेबसाइट डेटा. तिथे साइटींची यादी येते, हव्या त्या नावावर डावीकडे सरकवलं की तेवढीच जाते. मोठं बटण करडं दिसत असेल आणि दाबलं जात नसेल, तर बहुधा स्क्रीन टाइममध्ये वेबसाइटींवर बंधन लावलेलं असतं. आणि आयफोनवर क्रोम वापरत असाल तर सफारी पुसून काही होणार नाही, प्रत्येकाचा साठा वेगळा.

आयफोनवर मसुद्याबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. सफारीत 2020 पासून असा नियम आहे की साइटने स्वतःच्या कोडमधून ठेवलेला साठा, सफारी वापरात असूनही तुम्ही सात दिवस त्या साइटकडे फिरकला नाहीत तर, आपोआप पुसला जातो. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला तो केलेला आहे, आणि तो योग्यच आहे. पण मावशीसारखा मसुदा तिथे असता आणि ती आठ दिवस आजारी पडून सफारीत दुसरंच काही वाचत राहिली असती, तर कुणीही काही न पुसताच तो गेला असता. लांब उत्तरं आधी नोट्समध्ये लिहून मग अर्जात चिकटवावीत, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

दुसऱ्याच्या फोनवर कुठे लॉगिन केलं असेल तर नुसती कुकी पुसून समाधान मानू नका. आपण चिठ्ठी फाडली तरी सर्व्हरच्या वहीतली नोंद तशीच राहते; त्या चिठ्ठीची नक्कल कुणाकडे असेल तर ती चालत राहते. आधी साइटवरून लॉगआउट करायचं, मग पुसायचं. फोन हरवला असेल तर दुसरीकडून लॉगिन करून 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हा पर्याय वापरायचा.

त्या साइटच्या मदत विभागाला मी दोन गोष्टी लिहून कळवल्या. एकीसोबत त्या दोन सारख्या नावांच्या ओळींचा फोटो जोडला, किमती झाकून, आणि लॉगिनच्या वेळी जुनी कुकी साइटनेच काढून टाकावी अशी विनंती केली. आठवड्याभरात उत्तर आलं की तशी दुरुस्ती केली आहे. दुसरी गोष्ट त्या हिरव्या अक्षरांबद्दल होती: 'मसुदा जतन झाला' याच्यापुढे 'फक्त या फोनवर' एवढे तीन शब्द घाला. त्यावर अजून काही कळवलेलं नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.